फ्रेम लावायला दोघी लागतात

परवापासून वारा फिरलाय. कांजूरमार्गात राहणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही, नाकाला कळतं. कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडच्या बाजूने वारा सुटला की आमच्या सोसायटीत एकामागून एक खिडक्या लागतात, धाड धाड धाड, आणि त्यात हा ऑक्टोबर. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, ऊन इतकं पांढरं की दुपारी बाल्कनीच्या लादीवर पाय ठेववत नाही. पंखा पाचवर टाकला तरी तीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो. अशा बंद घरात माणूस काय बघणार? भिंती बघणार. गेल्या वर्षीही ह्याच दिवसांत, ह्याच खुर्चीत बसून मी भिंती बघत होते. तेव्हा त्यांच्यावर काहीच नव्हतं.

ह्या घरात आम्ही दोघी बहिणी सव्वीस वर्षं राहिलो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेत शिक्षिका. मी एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात, अजूनही. घरात मला सगळे बेबी म्हणतात. पन्नाशी उलटून गेली तरी बेबी, असो. दोघींचीही लग्नं राहिली ती राहिलीच. आधी बाबांची गिरण बंद पडली, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण, आणि मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. आमचं तसं काही अडलं नाही. सकाळचा चहा मी करायचे, ती पेपर वाचून दाखवायची. भाजी तिची, पोळ्या माझ्या. भांडणंही ठरलेली होती, दूध उतू कुणामुळे गेलं ह्यापलीकडे ती फारशी जायची नाहीत.

आणि गेल्या वर्षी मे महिन्यात ताईने लग्न केलं. रिटायर झाली आणि दोन महिन्यांत केलं. तिच्याच शाळेतले एक सर, तेही रिटायर, बायको वारलेली, मुलगा परदेशात, बोरीवलीला फ्लॅट. रजिस्टर लग्न, मग घरी वरण-भात, अळूवडी, जिलेबी. मला चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणालातरी भावोजी म्हणायची वेळ आली आणि हसूच फुटलं. सगळे म्हणाले, बेबी किती खूश आहे बघा.

घरातलं माणूस वारलं असतं तर लोक भेटायला आले असते. चार दिवस कुणी ना कुणी डबा आणून दिला असता, कुणी मुक्कामाला राहिलं असतं. इथे लोक जिन्यात अडवून पेढे मागत होते. ‘मज्जा आहे बाई तुझी, आता अख्खं घर तुला,’ असं शेजारच्या नाईककाकू म्हणाल्या. मी हो हो केलं. घरात आले, दोन कप काढले, एक परत ठेवला. मला ताईचा राग आला होता, स्पष्टच सांगते. चांगल्या गोष्टीचा राग येतोय ह्याची लाजही वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून राग कमी होत नव्हता.

पावसाळा तसाच गेला. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, मी घराला रंग काढायला घेतला. खरं म्हणजे गरज नव्हती. पण रंगारी आला की निदान आठ दिवस घरात कुणीतरी बोलतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, ‘बाई, खिळे ठेवू का काढू?’ मी भिंतीकडे बघितलं. कॅलेंडरचा खिळा, ताईच्या छत्रीचा खिळा, तिच्या शाळेतल्या ग्रुप फोटोचे दोन, घड्याळाचा एक, आणि एक असाच, कशाचा ते दोघींनाही कधी आठवलं नाही. म्हटलं, ‘काढा सगळे.’ रागातच म्हटलं. त्याने पक्कडीने ते उपटले, भोकांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि वर दुधाळ पांढरा रंग दिला. सव्वीस वर्षांचं काही शिल्लक राहिलं नाही. तो गेल्यावर घर इतकं मोठं आणि इतकं परकं दिसायला लागलं की मी दोन दिवस स्वयंपाकघरातच बसून जेवले.

तेव्हा आमच्या भावाची मुलगी सई मधे पडली. सई बंगळुरात डिझाइनचं काहीतरी करते. व्हिडिओ कॉलवर तिने घर बघितलं आणि किंचाळलीच. ‘बेबीआत्या, हॉस्पिटल वाटतंय गं! थांब, मी तुला फाइली पाठवते. प्रिंट काढ, फ्रेम कर, लाव. सिंपल!’ दहा मिनिटांत पाच चित्रं फोनवर आली. एकात तपकिरी अर्धवर्तुळं एकावर एक. एकात एक पान, त्याला तीन रेघा. एकात निळसर डोंगर, एकात मडकं. आणि एकात पांढऱ्या बशीत दोन पिवळीजर्द लिंबं. मी विचारलं, ‘ह्यातलं काय लावू?’ ती म्हणाली, ‘तुला आवडेल ते लाव ना यार, तुझं घर आहे.’

ह्या वाक्यावर मी अडकले. मला काय आवडतं? खरंच माहीत नव्हतं. लहानपणी लालबागच्या चाळीत भिंती बाबांच्या होत्या. मग ह्या घरात आईच्या झाल्या, मग ताईच्या. पडदे ताईने आणले, चादरी ताईने, माझ्या साड्यासुद्धा निम्म्या तिनेच निवडलेल्या. दुकानात ती हातात धरून दाखवायची, मी मान डोलवायचे. मला ते सोयीचंच होतं, उगाच तिच्यावर ढकलणार नाही. पण चोपन्नाव्या वर्षी एकटीने फोन हातात धरून, पान की मडकं, हे ठरवता येईना, तेव्हा माझी वाट लागली.

बरं, चित्र ठरलं तरी साइझ ठरायला हवी. मला वाटलं होतं फाइल आहे, हवी तेवढी मोठी निघेल. स्टेशनजवळच्या प्रिंटवाल्याने समजावलं की तसं नसतं, प्रत्येक कागदाची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात असते. बारा बाय अठरा इंचाला जे चित्र नीट बसतं ते आठ बाय दहाला कापलं जातं. लिंबांचं तर एक लिंबूच अर्धं जात होतं. ‘घरी जाऊन पेपर कापून भिंतीला लावून बघा मॅडम,’ तो म्हणाला, ‘लोक इथे उभं राहून अंदाजाने मोठं काढतात आणि मग परत येतात.’

मग काय, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन बसले. आठ बाय दहा, ए-फोर, ए-थ्री, बारा बाय अठरा, आणि एक तर चोवीस बाय छत्तीस, त्याला दोन पानं जोडावी लागली. रंगाऱ्याची चिकटपट्टी उरली होती. अख्ख्या हॉलभर पेपरचे चौकोन लागले. रोज ऑफिसातून आले की एखादा काढायचा, दुसरीकडे लावायचा, लांब जाऊन बघायचं. खिडक्या बंद, रंगाचा वास, बाहेरून तो दुसरा वास फटीतून येतोच, कपाळावरून घाम, आणि मी पेपरसमोर उभी. सोफ्यावर बसून एकच मथळा आठ दिवस वाचला. त्याचा पुढचा भाग कात्रीत गेला होता. नाईककाकू वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. ‘अगं बाई, पेपर चिकटवण्याएवढी ओल आली? आत्ताच रंग काढलास ना?’ मी सांगितलं, चित्रं लावायची आहेत. त्यांनी परत एकदा भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फारच मायेने म्हणाल्या, ‘कंटाळा आला ना की आमच्याकडे येत जा हो.’

फ्रेमवाला भांडुपचा. म्हातारा, कणकवलीकडचा, दुकानात छताला फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने टांगलेले, काळे, सोनेरी, सागवानी. मी प्रिंटची गुंडाळी पुढे केली तर न उघडताच त्याने हळू आवाजात विचारलं, ‘बाये, हाराचो आसा काय?’ त्याच्याकडे येणारे बहुतेक त्याच कामासाठी येत असणार. हार घालायचा फोटो असेल तर तो वर आकडा लावून देतो. मी म्हटलं, ‘नाय हो, लिंबांचो आसा.’ आमच्या घरात मालवणी आईबरोबरच गेली, तरी ते वाक्य तोंडातून आलं. म्हातारा असा हसला की खोकला लागला त्याला. मग मात्र जीव लावून काम केलं. सोनेरी नको म्हणाला, लिंबांना साधी सागवानी पट्टी दिली. चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट सोडायला लावला. ‘चित्राक वाईच जागा होयी,’ म्हणाला, ‘माणसाक कशी लागता तशी.’ मला तेव्हा जागाच जास्त झाली होती, पण त्याला काय सांगणार.

चार फ्रेमा बारा बाय अठराच्या, लिंबांची एकटी ए-फोर. घरी आणल्या, लावायच्या जागी पेन्सिलच्या खुणा केल्या आणि सईला व्हिडिओ कॉल करून अभिमानाने दाखवल्या. तिने फोन जवळ नेऊन बघितलं. मग म्हणाली, ‘आत्या, हे कुणासाठी आहे? पालींसाठी?’ मी सगळ्या खुणा दाराच्या चौकटीच्याही वर, छताखाली हातभर अंतरावर केल्या होत्या. मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. लालबागच्या आमच्या खोलीत फोटो तिथेच असायचे, दोरीने पुढे झुकवलेले. खाली जागा होतीच कुठे? खाली खाट, कपाट, भांड्यांची फळी, वाळत घातलेले कपडे आणि आम्ही पाच माणसं. देव आणि आजोबा-पणजोबा वरून बघायचे, आणि आम्ही काही मागायचं असलं की मान वर करायचो. भिंतीवरची वस्तू म्हणजे वर, हे माझ्या डोक्यात इतकं बसलेलं की मापं घेतानाही पेपर मी स्टुलावर चढूनच चिकटवले होते. त्या उंचीवर बारा बाय अठरा बरोबर दिसत होतं. सई म्हणाली, ‘डोळ्यांसमोर यायला हवं गं. तू बघणार आहेस ना?’ खाली धरून बघितलं तर एकदम अंगावर आल्यासारखं झालं. रोज माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी असणार आणि ते फक्त माझ्यासाठी असणार, ह्याची मला सवयच नव्हती.

पण खरी गंमत पुढेच आहे. फ्रेम लावणं हे एका माणसाचं काम नाही हो. एकाने धरायची असते, दुसऱ्याने मागे जाऊन सांगायचं असतं, वर घे, खाली घे, जरा डावीकडे, हां, बस, हलू नको. दुसऱ्याला काही येत नसलं तरी चालतं, नुसतं मागे उभं राहता आलं पाहिजे. मी एकटी काय करणार? हनुवटीने फ्रेम भिंतीला दाबून धरली, एका हाताने पेन्सिल, दुसऱ्या हाताने तोल. खूण केली, फ्रेम खाली ठेवली, मागे गेले, बघितलं, खूण तिरकी. परत धरली. फोनमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं म्हणून तेही ठेवून बघितलं, तर फोनच खाली पडला. शेवटी मी चिकटणारे हुक आणले आणि डोंगराची फ्रेम कशीबशी लावली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि हॉलमध्ये धाडकन आवाज झाला. डोंगर खाली, काच फुटलेली. पण मला त्या काचेचं काही वाटलं नाही. घरात काही पडलं ना, की दुसऱ्या खोलीतून लगेच विचारतात, ‘काय गं पडलं?’ आम्ही दोघींनी एकमेकींना हे हजार वेळा विचारलं असेल, वैतागून, ओरडून, कधी कधी तर पडायच्या आधीच. मी घडी हातात धरून वाट बघत उभी राहिले. खरंच राहिले. पंखा फिरत होता. मग मी झाडू आणून काचा गोळा केल्या आणि गोळा करताना भरपूर रडले.

त्याच संध्याकाळी ताईचा नेहमीचा फोन आला. ‘लागल्या का गं फ्रेमा?’ मी म्हटलं, ‘कधीच! एकदम झकास दिसतंय.’ ‘फोटो पाठव ना मग.’ ‘पाठवते.’ पुढचे सगळे दिवस ती मागत राहिली आणि मी पाठवते पाठवते करत राहिले. तिने यावं, मागे उभं राहावं आणि सांगावं, एवढंच हवं होतं मला. पण ते मागणं म्हणजे मला तुझ्याशिवाय राहता येत नाही हे कबूल करणं. ती तिकडे सुखाने संसार मांडून बसलेली, आणि आपण इथून रडगाणं गायचं? छे. मेले तरी सांगणार नव्हते.

आता वर्ष झालं तरी हे दिवस आले की मला त्या पांढऱ्या भिंतीच आठवतात. माणसं म्हणतात, एकटं राहायची सवय होते. होते, नाही असं नाही. मी आता दोनऐवजी एकच कप काढते, चुकत नाही. पेपर माझा मीच वाचते, मोठ्याने वाचायची खोड मात्र गेलेली नाही. पण ऑक्टोबरात खिडक्या बंद झाल्या की घर आवळतं, आणि सगळे आवाज आपल्या एकटीचेच आहेत हे फार स्पष्ट ऐकू येतं. चमचा ठेवला तरी ऐकू येतो.

तर गेल्या वर्षी दिवाळीला आठवडा असताना ताई न सांगता आली. बोरीवलीहून दोन बस बदलून, घामाघूम, पिशवीत चकलीची भाजणी. दार मी उघडलं आणि तिला अडवायला काहीच नव्हतं. हॉलमध्ये भिंतीवर पेपरचे चौकोन, सोफ्यावर फ्रेमा एकीला एक टेकवून ठेवलेल्या, एकीला काच नाही. ती बघत राहिली. मला वाटलं आता हसेल, नाहीतर ओरडेल. तिने पर्स ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘हातोडी कुठे आहे? धर तू. मी बघते.’

तासाभरात चारही लागल्या, काच नसलेला डोंगरसुद्धा. खरे खिळे ठोकले. ती दाराशी उभी राहून सांगत होती, जरा वर, अगं वर म्हणजे एवढं नाही, डावीकडे, तुझ्या डावीकडे गं बाई! शाळेतल्या आवाजात. मी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि माझं मन इतकं भरून आलं होतं की मुद्दाम एकदोनदा फ्रेम तिरकी धरली. लिंबांची तेवढी राहिली होती, तिची जागा ठरत नव्हती. ताई मागे सरकून सगळीकडे बघून म्हणाली, ‘छान दिसतंय हं तुझं घर.’

‘तुझं’ ऐकलं आणि माझा तोल गेला. ‘माझं काय म्हणतेस? कधीपासून माझं? तू गेलीस, मग मला ह्या एवढ्या भिंती कशाला ठेवून गेलीस? मला नाही करमत इथे, ताई. अजिबात नाही करमत.’ सहा महिने न बोललेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.  ती खुर्चीत बसली, पदराने मान पुसली. मग म्हणाली, ‘तुला निदान भिंती आहेत गं.’

मला कळलं नाही. तिने सांगितलं. तिथे प्रत्येक भिंतीवर काही ना काही आहे. हॉलमध्ये पहिल्या बाईंचा फोटो, हार घातलेला, आणि त्यात काही चूक नाही, असायलाच हवा. त्यांनी विणलेला गणपती, त्यांनी आणलेलं घड्याळ, मुलाच्या मुंजीचे फोटो. ‘सर चांगले आहेत बेबी, कधी काही म्हणत नाहीत. उद्या म्हटलं तर सगळं काढतीलही. पण मी कशी म्हणू? सहा महिने झाले, त्या घरात मी एक खिळा मारलेला नाही.’ मग सोफ्यावर उरलेल्या फ्रेमकडे बघून म्हणाली, ‘ही लिंबांची मला देशील? लहान आहे. कपाटाच्या दाराला आतून लावीन. माझं कपाट आहे एक. आत अंधार असतो, पिवळं बरं दिसेल.’

मी तिला फ्रेम टॉवेलमध्ये गुंडाळून दिली. पिशवीत बसली. चहा झाला, आणि उशीर होतो म्हणून ती निघाली. इतके महिने मी तिच्या सुखावर जळत बसले होते आणि तिच्याकडे स्वतःचं म्हणायला कपाटाचं एक दार होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘लावली गं.’

‘सरळ आहे का?’

‘कुणास ठाऊक. मागे जाऊन बघायला गेले तर दार मिटायचं.’

‘मग भावोजी नव्हते का घरात? धरलं असतं त्यांनी.’

‘होते ना, हॉलमध्येच होते. हाक मारली असती तर लगेच आले असते.’ मग म्हणाली, ‘नाही मारली. एकटीनेच लावली.’

 दोघी फोन कानाला धरून तशाच बसून राहिलो, ती तिकडे, मी इकडे, आणि ठेवते असं कुणीच म्हणेना.